विषम जोडीचें गणित

आमच्या घरीं सणावारास अजून अठरा पानें मांडलीं जातात. गेल्या दिवाळींत पाडव्याचीं जेवणें चाललीं असतां आमच्या वडील बंधूंनीं, ज्यांस घरांत सर्वजण दादा म्हणतात, आपल्या नातीस सहज विचारलें, "अग, तूं तेथें पुण्यास बसून करतेस तरी काय?" ही मुलगी पदार्थविज्ञानाची एम्. एस्सी. होऊन गेलीं दोन वर्षें संशोधन करीत आहे. ती म्हणाली, "आजोबा, दोन कृष्णविवरें एकमेकांभोंवतीं फिरत फिरत शेवटीं एकमेकांत मिळून जातात. त्या वेळीं जे तरंग उठतात त्यांचें रूप गणितानें आधींच काढून ठेवायचें, हें आमचें काम. त्यांतून माझ्या वांट्यास आलेल्या जोड्या विषम आहेत. एक विवर मोठें, दुसरें लहान." दादा म्हणाले, "मग सोपेंच झालें! मोठ्याचा हिशोब करावा. लहानाचें काय मोजायचें?" पंक्तींत हंशा पिकला, आणि त्या हंशांत आम्हीही सामील झालों.

सामील झालों इतकेंच नव्हे, तर त्यापुढेंही गेलों. त्याच आठवड्यांत मुलीस एका बँकेकडून अधिकाऱ्याच्या जागेवर रुजू होण्याचें पत्र आलें होतें. आमच्या वाड्याचें छप्पर उतरून नवें करावयास झालें आहे, आणि घरांत आणखी एक पगार आल्यास तें काम याच उन्हाळ्यांत होईल, असा विचार चालला होता. घरच्या रीतीप्रमाणें प्रश्न वडीलधाऱ्यांपुढें आला व दादांनीं आमचें मत विचारलें. आम्हीं जन्मभर शाळामास्तरकी केली, म्हणून विद्येच्या बाबतींत आमचा शब्द घरांत चालतो. आम्हीं बेधडक सांगून टाकलें कीं, ज्या विषयांतील निबंधावर हजार हजार लोकांचीं नांवें असतात त्यांत आपल्या मुलीचा वांटा तो केवढा? बँक बरी.

मुलगी त्या वेळीं कांहीं बोलली नाहीं. रात्रीं मात्र ती आमच्या खोलींत आली आणि म्हणाली, "धाकटे आजोबा, नको म्हणायचें तर म्हणा; पण काम काय आहे तें एकदां ऐकून घ्या आणि मग म्हणा." ही मागणी न्यायाची होती. पुढें तीन संध्याकाळ ती आमच्यासमोर पाटी घेऊन बसली. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अशीं मुलें-मुली असतील, आणि त्यांच्या उद्योगाविषयीं "कांहीं तरी संगणकाचें आहे" यापलीकडे घरांत कोणास ठाऊक नसेल. म्हणून तिनें जें सांगितलें तें येथें मांडतों. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि गणिताशीं ओळख लीलावतीपुरती. तेव्हां जेवढें आम्हांस समजलें तेवढेंच येथें आहे.

आइन्स्टाइननें १९१५ सालीं गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला आणि पुढच्याच वर्षीं त्यावरून असें अनुमान काढलें कीं, जड वस्तु वेगानें एकमेकींभोंवतीं फिरूं लागल्या म्हणजे अवकाशांतच तरंग उठले पाहिजेत. जड पदार्थामुळें अवकाश वांकतें. तो पदार्थ फिरूं लागला कीं तें वांकणें लाटेसारखें दूर पसरत जातें. ज्याच्या ओढींतून प्रकाशदेखील बाहेर पडूं शकत नाहीं असा पदार्थ म्हणजे कृष्णविवर. अशीं दोन विवरें एकमेकांभोंवतीं फिरत असलीं म्हणजे तरंगांवाटें त्यांची शक्ति खर्च होते, कक्षा आकुंचित होते, वेग वाढतो, आणि शेवटीं दोन्ही मिळून एक होतात.

१४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील लायगो वेधशाळांनीं असा पहिला तरंग टिपला, आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं ती वार्ता जगास कळली. सूर्याच्या सुमारें ३६ पट व २९ पट वस्तुमानाचीं दोन विवरें १३० कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर एक झालीं होतीं, आणि तीन सूर्यांइतकें वस्तुमान तरंगरूपानें निघून गेलें होतें. एवढा उत्पात होऊनही वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेंत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेंकडों पटींनीं लहान होता. ऐकूं यावा असा सारा प्रकार सेकंदाच्या एक पंचमांशांत आटोपला.

येथेंच आमच्या मुलीच्या कामाची गरज उत्पन्न होते. वेधशाळेच्या यंत्रांत रात्रंदिवस गोंगाट चालू असतो. दूरच्या समुद्राच्या लाटा, रस्त्यावरील वाहनें, खुद्द आरशांतील कणांचा कंप, हें सारें त्यांत उमटतें. या गोंगाटांतून तो क्षीण तरंग निवडावा कसा? जत्रेंत चुकलेलें मूल आपल्या आईची हाक ओळखतें, तें ती हाक मोठी असते म्हणून नव्हे, तर ती आधीं ठाऊक असते म्हणून. तसेंच येथें आहे. निरनिराळ्या वस्तुमानांच्या जोड्यांचे तरंग कसे दिसतील याचे हजारों नमुने गणितानें आधीं तयार ठेवावयाचे, आणि यंत्रांतून आलेल्या नोंदीशीं ते एकेक करून जुळवून पाहावयाचे. हे नमुने कसे निवडावे याविषयींचा एक महत्त्वाचा निबंध पुण्याच्या आयुकांतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनीं १९९१ सालीं लिहिला, म्हणजे पहिला तरंग सांपडण्यापूर्वीं चोवीस वर्षें. ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती, हें कबूल करण्यास लाज वाटते.

नमुना चुकला तर दोन प्रकारें घात होतो. एक तर आलेला तरंग ओळखूंच येत नाहीं व हातचा जातो. किंवा ओळखूं येतो, पण त्यावरून काढलेलें वस्तुमान आणि अंतर खोटें निघतें. दुसरा घात पहिल्याहून वाईट, कारण तो कळत नाहीं.

आतां विषम जोडीकडे वळूं. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत सोनोमीटर नांवाची एक लांकडी पेटी होती, तिच्यावर एक तार ताणलेली असे. ती तार बरोबर मध्यावर छेडली तर मुख्य स्वराबरोबर उठणाऱ्या उपस्वरांपैकीं दुसरा, चौथा, सहावा असे सम उपस्वर उठत नाहींत. किंचित् बाजूस छेडली कीं ते तत्काल प्रकट होतात. मध्यावरच्या समतोलानें जे स्वर दाबून ठेवलेले असतात ते विषमता येतांच मोकळे होतात. कृष्णविवरांचेंही असेंच आहे. दोन्ही विवरें सारखीं असलीं, आणि त्यांचें स्वतःभोंवतीं फिरणें बाजूस ठेवलें, तर अर्धा फेरा झाल्यावर चित्र पुन्हां पहिल्यासारखेंच दिसतें. म्हणून तरंगांत फेऱ्याच्या दुप्पट, चौपट अशाच गतीचे स्वर असतात. एक मोठें व एक लहान असेल तर अर्ध्या फेऱ्यानंतर मोठ्याच्या जागीं लहान येतें, चित्र पालटतें, आणि तिप्पट गतीचा स्वरही ऐकूं येऊं लागतो. दुप्पट व तिप्पट यांचें प्रमाण दोनास तीन, म्हणजे आपल्या गायनांतील षड्ज-पंचमाचें!

ही निव्वळ कल्पना नव्हे. १२ एप्रिल २०१९ रोजीं सूर्याच्या सुमारें ३० पट व ८ पट अशा विषम जोडीचा तरंग टिपला गेला, आणि त्यांत तो पंचम खरोखरच आढळला. पुढें १४ ऑगस्ट २०१९ रोजीं तर २३ पट व २.६ पट अशी, सुमारें नवास एक या प्रमाणाची जोडी सांपडली. पंचमाचा उपयोग असा कीं, केवळ मुख्य स्वर ऐकूं येत असेल तर जवळची पण कडेनें दिसणारी जोडी, आणि दूरची पण समोरून दिसणारी जोडी, यांतील भेद नीट कळत नाहीं. उपस्वर तो भेद दाखवितात. त्या दुसऱ्या जोडींतील २.६ सूर्यांचा लहान सोबती आजवर पाहिलेल्यांतील सर्वांत हलकें कृष्णविवर कीं सर्वांत जड न्यूट्रॉन तारा, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. सारा वाद लहानाविषयीं आहे, मोठ्याविषयीं नाहीं!

विषमतेचा आणखी एक परिणाम असा कीं, तरंग एका बाजूस अधिक जोरानें जातात आणि उरलेलें विवर उलट बाजूस ढकललें जातें. स्वतःभोंवतीं न फिरणाऱ्या विवरांत हा धक्का सर्वांत मोठा होतो तो तीनास एक या सुमाराच्या जोडींत, आणि त्याचा वेग सेकंदास सुमारें १७५ किलोमीटरपर्यंत जातो. अगदीं समान जोडींत असा धक्का बसत नाहीं.

हे नमुने काढावयाचे कसे? मार्ग तीन आहेत. विवरें दूर असतांना न्यूटनच्या गणितापासून आरंभ करून त्यांत क्रमाक्रमानें दुरुस्त्या घालीत जावयाचें. परंतु तीं जवळ आलीं, वेग वाढला, कीं ही मालिका पांगळी पडते. दुसरा मार्ग महासंगणकाचा. अवकाशाचे बारीक बारीक खण पाडून आइन्स्टाइनचीं समीकरणें खणाखणांत सोडवीत जावयाचें. कित्येक वर्षें हा प्रयत्न अर्ध्यावरच कोसळत असे. २००५ सालीं फ्रान्स प्रिटोरियस यानें तो प्रथम तडीस नेला. सारख्या जोड्यांस हा मार्ग उत्तम. विषम जोडींत मात्र फार ओढाताण होते. हत्ती आणि मुंगी एकाच कागदावर काढावयाचीं, आणि मुंगीचे पायही दिसले पाहिजेत, तर खण मुंगीच्या मापाचे पाडावे लागतात. खण बारीक झाला कीं काळाचें पाऊलही तितकेंच आंखूड टाकावें लागतें. शिवाय विषम जोडी एक होण्यापूर्वीं फेरेही अधिक घेते. म्हणून विषमता दहापट झाली कीं श्रम दहापट नव्हे, शंभरपटीच्या घरांत जातात. २०२० सालीं रोचेस्टरच्या लूस्टो व हीली या दोघा संशोधकांनीं १२८ स एक अशी जोडी संगणकांत फिरविली, तेव्हां अवघे तेरा फेरे होण्यास महासंगणकाचे कित्येक महिने खर्चीं पडले.

तिसरा मार्ग दादांच्या बोलण्यासारखा: लहानास आरंभीं जवळ जवळ शून्य मानावयाचें. मोठ्या विवरानें वांकविलेल्या अवकाशांत लहान कण फिरतो, एवढेंच धरून तरंग काढावयाचे. रेजे आणि व्हीलर यांनीं १९५७ सालीं या गणिताचा पाया घातला. आपल्या सी. व्ही. विश्वेश्वरांनीं १९७० सालीं दाखविलें कीं, धक्का बसलेलें कृष्णविवर घंटेसारखें ठराविक स्वरांत निनादून शांत होतें. ट्युकोल्स्की यानें १९७३ सालीं हें गणित स्वतःभोंवतीं फिरणाऱ्या विवरांस लागू केलें. येथपर्यंत ऐकून आम्ही म्हणालों, "मग दादांचेंच खरें ठरलें कीं!" ती म्हणाली, "पहिल्या फेऱ्यापुरतें खरें, धाकटे आजोबा. पण लहान विवर लाख फेरे घेतें."

नंतर तिनें आम्हांस संक्रांतीचा दाखला दिला, आणि तो आमच्याच शास्त्रांतला निघाला. सूर्याचें उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतें. पण आपण मकरसंक्रांत करतों १४-१५ जानेवारीस. एके काळीं हीं दोन्ही एकत्र होतीं. नक्षत्रांवरून मोजलेलें वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारें २० मिनिटांनीं मोठें आहे. वर्षाकांठीं वीस मिनिटें! इतक्या वेळांत धड स्वयंपाकही होत नाहीं. पण सतराशें वर्षांत त्या वीस मिनिटांचे तेवीस दिवस झाले. एका वर्षाच्या हिशोबांत जी राशि खुशाल सोडून द्यावी, ती राशि काळाच्या ओघांत तिथि-सणांस जागचे हलविते. म्हणूनच आपले जुने ज्योतिषी वेध घेऊन गणितांत वेळोवेळीं बीजसंस्कार, म्हणजे दुरुस्ती, करीत असत.

लहान विवराचा बीजसंस्कार असा. तें कितीही लहान असलें तरी त्याचा स्वतःचा भार अवकाशास किंचित् वांकवितो. तें वांकणें पसरतें, मोठ्या विवराच्या वक्रतेवरून उलटतें, आणि त्याच लहान विवरास येऊन पोंचतें. डोंगरांत घातलेली आपली हाक आपल्याच कानीं परत यावी तसें. या परत आलेल्या धक्क्यानें त्याची वाट बदलते. यास स्वबल म्हणतात. त्याचें समीकरण १९९७ सालीं जपानांतील मिनो, सासाकी व तानाका या तिघांनीं, आणि अमेरिकेंतील क्विन् व वॉल्ड या दोघांनीं स्वतंत्रपणें काढलें. पण तेवढ्यानेंही भागत नाहीं. लाख फेरे झाल्यावर तरंगाची कला, म्हणजे लाट या क्षणीं शिखरावर आहे कीं खळग्यांत, हें अचूक सांगावयाचें तर लहानाच्या लहानपणाचा वर्ग ज्यांत येतो ती दुसरी पायरीही मोजावी लागते. त्या पायरीसह काढलेले तरंगांचे पहिले नमुने गेल्या चार-पांच वर्षांतच प्रसिद्ध झाले.

आम्हांस सर्वांत नवल वाटलें तें यापुढील गोष्टीचें. लहानास मोठ्यानें भागून जें प्रमाण येतें तें जोडी सारखी होतांच एक होतें, आणि मग लहान मानण्यासारखें कांहीं उरत नाहीं. परंतु तसें न करतां दोघांच्या वस्तुमानांचा गुणाकार घ्यावा आणि त्यास दोघांच्या बेरजेच्या वर्गानें भागावें. आतां कोण मोठा व कोण लहान हें उलट केलें तरी उत्तर तेंच राहतें. नवास एक या जोडीस हें उत्तर ९ भागिले १०० येतें, आणि अगदीं समान जोडीसही एक चतुर्थांशाहून अधिक होत नाहीं. २०११ सालीं असें आढळून आलें कीं, हिशोब या रीतीनें मांडला तर मुंगी-हत्तीसाठीं रचलेलें गणित जवळ जवळ सारख्या जोड्यांसही आश्चर्यकारक रीतीनें लागूं पडतें. पुढें २०२२ सालीं कांहीं संशोधकांनीं दाखविलें कीं, या लहानाच्या गणितांतून निघालेल्या तरंगाची उंची एका संख्येनें व काळ दुसऱ्या एका संख्येनें गुणला, तर तीनास एक अशा जोडींतही तो महासंगणकाच्या तरंगाशीं बराच जुळतो. दोन टोकांकडून खणीत आलेले बोगदे अशा रीतीनें मध्यें भेटूं लागले आहेत. आमच्या मुलीचें काम या भेटीच्या जागीं आहे. दहापासून शंभरास एकपर्यंतच्या जोड्यांत दोन्हीकडचे नमुने कोठें व कितीसे चुकतात, हें ती तपासते.

हें सारें आतांच कां पाहिजे? युरोपच्या अवकाशसंस्थेनें जानेवारी २०२४ मध्यें लिसा नांवाच्या योजनेस मान्यता दिली. तींत तीन यानें एकमेकांपासून २५ लाख किलोमीटर अंतरावर राहून सूर्याभोंवतीं फिरतील. तीं २०३५ च्या सुमारास सोडण्याचा बेत आहे. लाखों सूर्यांच्या भाराच्या विवरांत दहा-पांच सूर्यांचें विवर लाखभर फेरे घेत पडतांना जो तरंग उठतो, तो या यानांस ऐकूं येईल. नमुने त्यापूर्वीं तयार पाहिजेत. आणि आपल्याकडेही, ज्या औंढा नागनाथास भाविक ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास जातात त्या हिंगोली जिल्ह्यांतील ठिकाणीं, चार-चार किलोमीटर भुजांची लायगो वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आहे.

तिसऱ्या संध्याकाळीं ती निघून गेल्यावर आम्हांस बराच वेळ झोंप आली नाहीं. शाळेंत वर्षानुवर्षें आम्ही मुलांस सांगत आलों कीं, लहान राशि उपेक्षणीय समजून सोडून द्यावी. तें फळ्यावरच्या उदाहरणापुरतें ठीक होतें. पण तीच संवय आम्हीं वर्गांतही चालविली नाहीं काय? शेवटच्या बांकावरच्या किती मुलांच्या बापांस आम्हीं "याला दुकानावर बसवा" म्हणून सांगितलें, आणि त्यांतील किती मुलांचें काय झालें, याचा हिशोब आमच्यापाशीं नाहीं. ज्या मुलीस आम्हीं "तुझा वांटा तो केवढा" असें विचारलें, ती मात्र तोच वांटा दशांशाच्या सहाव्या स्थळापर्यंत मोजीत बसली आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं आम्हीं दादांस सांगितलें कीं, आमचें मत चुकलें, आणि तें आम्ही सर्वांसमक्ष परत घेतों. दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं नातीस विचारलें, "तुझें हें काम पुरें होण्यास अजून किती वर्षें?" ती म्हणाली, "तीन, आजोबा." दादांनीं वर आढ्याकडे पाहिलें आणि आपल्या मुलास, म्हणजे तिच्या वडिलांस, म्हटलें, "कौलें शाकारून घे. तीन पावसाळे निघतील." बँकेस नकाराचें पत्र तिनें स्वतः लिहिलें, तें टपालांत टाकण्यास आम्हीं नेलें.

ज्यांच्या घरीं असा प्रश्न येईल त्या वाचकांस आमची एवढीच विनंती आहे: मत देण्यापूर्वीं तीन संध्याकाळ ऐकून घ्यावें.